शांताची माफी

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आज आईला विहारात वंदनेला नेलं. वय ऐंशी, आता मलाही ओळखत नाही. पण पंचशील तोंडपाठ. ‘जे दिलेलं नाही ते घेणार नाही’ हे दुसरं शील म्हणताना ती थांबली. शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून म्हणाली, “शांते, कारखान्यातली विडीची पानं मीच नेली व्हती गं. नाव तुझं आलं, तुझं काम गेलं, तरी मी गप बसले.”

त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी नुसते हात जोडले. मग तीच हळूच म्हणाली, “जाऊ दे आज्जी, मी कवाच इसरले.”

आई रडली आणि पुढची शीलं खणखणीत म्हणाली. घरी येऊन निवांत झोपली.

मी तिच्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. “व्हय, शांता होती की. चोर म्हणून लई बोलले तिला. लेकरं घेऊन गेली, कुटं ते न्हाय कळलं.”

आईचं काम टिकलं, त्याच पैशावर मी शिकले. आता ते “शांते” कानातून जात नाही.

तिला शोधायला निघू का? सापडलीच, तर पहिलं वाक्य काय बोलू?