मधुभाऊंची सफारी

कल्याणच्या एका सरकारी दवाखान्यात, एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सेंटरवर मी समुपदेशक आहे. इतक्या वर्षांत एवढे किस्से साठलेत की माळ्यावरही मावायचे नाहीत. पूर्वीचे सांगताना रडू यायचं. हल्लीचे सांगताना हसून पोट दुखतं!

*

आंबिवलीच्या मधुभाऊंना पहिल्यांदा मेहुण्याने उचलून आणलं. वजन चौतीस किलो! गोळ्या देऊन मी पुढच्या महिन्याची तारीख लिहिली, तर म्हणाले, "कशाला पेन झिजवता मॅडम? तोवर असेन का मी?"

मुलगी स्नेहल तेव्हा शाळेत होती. तिचं लग्न तेवढं बघायचं होतं त्यांना. पण आशा सुटली होती, ठेवणीतली सफारीसुद्धा त्यांनी मेहुण्याला देऊन टाकलेली.

*

डोंबिवलीच्या एका काकूंनी गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल खरवडून 'मेथीपूड' अशी चिठ्ठी चिकटवली. काही महिन्यांत काकू अशा टवटवीत झाल्या की शेजारीण मागेच लागली, "मला पण द्या ना ती पूड!"

आता काकू रडकुंडीला आल्यात. "अख्ख्या विंगला मेथी कुटून देतेय मी!"

*

घोडबंदर रोडच्या एका आयटीवाल्याच्या रिपोर्टमध्ये विषाणू सापडला नाही. पठ्ठ्याने गोळ्याच बंद केल्या! "सापडला नाही म्हणजे गेला ना?"

आमच्या नाईक सिस्टर उसळल्या, "अरे, चोर आत लपून बसलाय. गोळी म्हणजे पहारा. पहाराच उठवलास होय रे?"

आता तो रोज गोळीसाठी मोबाईलवर अलार्म लावतो. अलार्मचं नाव 'नाईक सिस्टर'!

*

एकदा मधुभाऊंनी वजनकाट्यावर चढण्याआधी चपला काढल्या, मोबाईल ठेवला, किल्ल्याही ठेवल्या. तरी आकडा बहात्तर!

"काटा बिघडलाय, सिस्टर!"

"काटा बरोबर आहे. वडापाव कमी करा!"

ज्या माणसाला दोन घास खा म्हणून मी विनवण्या केल्या, त्याला हे ऐकावं लागतंय! मला इतका आनंद झाला की सगळ्या स्टाफला मी चहा पाजला.

*

परवा मधुभाऊंना पुढची तारीख लिहून दिली, तर म्हणाले, "ती खोडा."

गोळ्या सोडतोय की काय हा माणूस?

"त्या दिवशी स्नेहलचं लग्न आहे, मॅडम. मला जमणार नाही."

माझे डोळे भरून आले. मागे उभा असलेला मेहुणा मात्र कुरकुरत होता, "भावोजींनी सफारी परत मागून नेली. आता बटणं लागत नाहीत! मग मलाच द्या की."

"अजिबात नाही!" मधुभाऊ म्हणाले. "शिंप्याकडून ढिली करून घेतो. बारशाला पण लागेल."