तिसरी काडी

तुमच्या या सदरातले अनुभव मी दुपारी जेवण झाल्यावर वाचते, आणि खरं सांगते, हसते. कोणाला जिन्यात बाई दिसते, कोणाचं दार आपोआप उघडतं... दिनेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, या लोकांना कामधंदा दिसत नाही. मी शिवणकाम करणारी बाई. उरणजवळच्या आमच्या गावात माझं छोटंसं बुटीक आहे. जे इंचटेपने मोजता येत नाही ते नसतंच, असं माझं ठाम मत होतं. आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही.

आमची एकुलती एक मुलगी तन्वी सहा वर्षांची असताना गेली. तापाचं निमित्त झालं. पनवेलच्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण तिचा आमच्याकडचा शेर संपला होता. तिला शेवटी नेलं तेव्हा तिच्या अंगावर मीच शिवलेला पिवळा फ्रॉक होता, बारीक निळ्या फुलांचा. कापड इतकं नेमकं होतं की पट्ट्याला दुसरं लावावं लागलं. कातरणसुद्धा उरली नव्हती.

त्यानंतर चार वर्षं तिचं कपाट मी कोणाला उघडू दिलं नाही. दिनेश समंजस माणूस आहे, त्याचे ट्रेलर न्हावा शेवाला चालतात, दिवसभर वैतागून येतो, पण माझ्यावर कधी आवाज चढवत नाही. तो एवढंच म्हणाला, "रंजू, ते कपाट आता रिकामं करूया. त्या खोलीत तुला ट्रायल रूम होईल." मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मग त्याने तोडगा काढला. माझी धाकटी नणंद सुरेखा बायकांच्या ग्रुपबरोबर बँकॉकला निघाली होती, तिच्यासोबत मी जायचं, बुटीकसाठी लेस-बटणं घ्यायची, चार दिवस फिरायचं, आणि परत आल्यावर कपाटाला हात घालायचा. मी हो म्हटलं. वाद मिटावा म्हणून म्हटलं, मनापासून नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मोठ्या दिरांच्या दोन मुलांना मागच्या दारी बोलावलं. चपलांची मापं घ्यायला! आमच्याकडे कोणी बाजाराला निघालं की त्या हेच करायच्या. खराट्याची काडी घ्यायची, पोराला उंबऱ्याला टाच टेकवून उभं करायचं, काडी तळव्याशेजारी ठेवायची आणि अंगठ्याच्या पुढे नखभर जागा सोडून मोडायची. कोणाची कुठली ते कळावं म्हणून काहीतरी बांधायचं. मी म्हटलं, "आई, नंबर सांगा ना नुसता, तिकडे नंबर असतात." त्या वाकलेल्याच होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू, पाठीला बाक. म्हणाल्या, "नंबर खोटा बोलते गो. काडी नाय बोलत." मी काड्यांची पुरचुंडी न उघडताच पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

बँकॉक मला आवडलं हे आधी कबूल करते. पहिला दिवस आम्ही प्रतुनामच्या कपडाबाजारात घातला. एकावर एक मजले, गल्लीत गल्ली, आणि डोक्यावरून तयार कपड्यांचे गठ्ठे नेणारी माणसं. भाव सगळा कॅल्क्युलेटरवर. ती बाई आकडा दाबते, आपण दुसरा दाबायचा, तिने कपाळाला हात लावायचा, आपण निघून जायचं नाटक करायचं. सुरेखा या नाटकात पटाईत निघाली. बाहेर सुक्या मासळीच्या टोपल्या होत्या, तो वास आल्यावर तर तिला माहेरी आल्यासारखं झालं. "वहिनी, आपले करंजाचे जेटीवर आल्यासारखा वाटते गो!" ती एवढ्या जोरात ओरडली की ग्रुपमधल्या बायका आमच्यापासून चार पावलं लांब चालायला लागल्या. मी खूप हसले. हॉटेलवर गेल्यावर लक्षात आलं, की मी इतकं कधी हसले होते ते मला आठवत नव्हतं, आणि मग मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी देवळं. वाट फो म्हणून जागा आहे, तिथे निजलेला बुद्ध आहे. सोन्याचा, आडवा, अख्ख्या देवळाएवढा. चपला काढून पिशवीत घालायच्या आणि पिशवी हातात घेऊन रांगेने पुढे सरकायचं. सगळ्यात शेवटी त्याचे पाय येतात. तळव्यांवर शिंपल्यांचं नक्षीकाम आहे, आणि लोक तोंड सोडून पायांचेच फोटो काढत असतात. सुरेखा बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, याचे पायाचा माप घ्याला आईला अख्खा माड लागल." देवळात तोंडावर पदर धरून हसावं लागलं मला.

बाहेर नदीच्या धक्क्याकडे जाताना चपलांचे ठेले लागतात. म्हटलं, पोरांचं काम उरकून टाकू. पुरचुंडी सोडली. एक काडी लाल दोऱ्याची, पुतणीची. एक हिरव्या दोऱ्याची, पुतण्याची. आणि एक तिसरी.

तिसरीला चिंधी बांधली होती. पिवळी. बारीक निळ्या फुलांची.

मी शिंपीण आहे. मी शिवलेलं कापड मला अंधारात हाताने कळतं. मी इंचटेप काढला — तो पर्समध्ये कायम असतोच — आणि तिथेच रस्त्यात उभी राहून ती काडी मोजली. तन्वीच्या शेवटच्या चपला माझ्या कपाटात आहेत, त्यांचं माप मला पाठ आहे. ही काडी त्याच्यापेक्षा चांगली दीड इंच लांब होती. सहा वर्षांच्या मुलीचा पाय नव्हता तो. दहा वर्षांच्या मुलीचा होता.

मला भीती वगैरे काही वाटली नाही, संताप आला. वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. कुठून तरी चिंधी शोधून काढली आणि माझ्या पर्समध्ये घातली, माझ्या जखमेवर मीठ चोळायला! सुरेखा लिंबूपाणी घ्यायला गेली होती, तिला मी काही सांगितलं नाही. चपला घेतल्याच नाहीत. नंतर आम्ही नदीवरच्या बोटीत बसलो. बोट मधोमध गेल्यावर मी ती काडी कठड्यावरून खाली सोडली. ती पाण्यात पडलेली मी बघितली, चिंधी वर तरंगत मागे गेली तेही बघितलं. दोन्ही काठांवर उंच इमारती, देवळांचे कळस, सगळे फोटो काढत होते. मी कठड्याला धरून उभी होते आणि मनात तिला म्हणत होते, जा बाई आता, सोड मला.

तिसऱ्या दिवशी सांपेंगला गेलो. ही चिनी वस्तीतली गल्ली, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दुकानात शिरावं एवढी अरुंद, आणि तिच्यातूनच हातगाड्या जातात. पण लेस काय, बटणं काय, मण्यांच्या माळा काय... माझ्यासाठी तो स्वर्ग होता. खांद्यावर, कोपरावर, जिथे अडकेल तिथे पिशव्या. अशातच चपलांचं दुकान आलं. माझे हात भरलेले, म्हणून सुरेखाला म्हटलं, "माझ्या पर्समधून काड्या काढ."

तिने काढल्या आणि विचारलं, "वहिनी, ही तिसरी कोनाची?"

तिच्या हातात तीन काड्या होत्या. तिने तिसरी माझ्यासमोर धरली, मग स्वतःच्या डोळ्यांजवळ नेली, आणि तिचा चेहरा उतरला. "वहिनी... हा आपले तन्वीचे फ्रॉकचा कपडा हाय ना गो?"

मी बोटांनी चिंधी चाचपली. ओली होती. पर्समधलं बाकी सगळं कोरडं — पासपोर्ट, रुमाल, सासूबाईंनी दिलेला अंगारा.

आणि मग मी बसले, तिथेच चपलांच्या खोक्यांवर, आणि रडले. तन्वी गेली त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते. त्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, मी पाणी द्या, चहा ठेवा करत फिरत होते. इथे मला कोणी ओळखत नव्हतं. सुरेखा माझं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. दुकानातल्या बाईने पंखा माझ्याकडे वळवला आणि पाण्याची बाटली आणून दिली. तिला वाटलं असेल, उन्हाने झालं.

थोड्या वेळाने मी उठले आणि काड्या लावून तीन जोड निवडायला लागले. पुतणीच्या, पुतण्याच्या पटकन झाल्या. तिसऱ्या काडीच्या मापाच्या चपला काढताना त्या बाईने खुणेने विचारलं, मुलगी केवढी आहे? तिने हात कमरेशी धरला, मग छातीशी नेला, आणि माझ्याकडे बघत राहिली.

मला माहीत नव्हतं. स्वतःच्या मुलीची उंची मला माहीत नव्हती. मी हात उचलला, तो हवेत कुठे धरावा ते कळेना. शेवटी बरगडीशी धरला. बाई हसली आणि तिने निळ्या पट्ट्याचा जोड काढून दिला. काडी अगदी बरोबर बसली. पुढे नखभर जागा.

घरी आल्यावर मी आधी सासूबाईंकडे गेले. त्या मागच्या दारी लसूण सोलत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "तिची आनलीस का?"

"आई, तुम्ही हे का केलंत?" माझा आवाज चढलाच.

"मी काय केला? पोरांची मापा घेत होते. दोघांची झाली. मग तिसरा पाय फुडं आयला. टाच बरोबर उंबऱ्याला लावली. मी माप घेतला."

"कोणाचा पाय?"

"नातीचा पाय मना कलत नाय का गो?"

"तिचा चेहरा बघितलात तुम्ही?"

त्यांनी मान हलवली. "वर बघला का जाते ती. एक डाव बघला होता, गेलीच. तवापासून नाय बघत. दर वरसाला येते, पोरांची मापा घेतली का येते. मी आपली काडी मोडते न् ठेवते. तुला नाय सांगला, तू रडशील म्हनून. यंदा वाटला, येवढे लांब चाललीस तर तिलाबी आनशील कायतरी." मग हातातली पाकळी सोलून झाल्यावर म्हणाल्या, "पन ही चिंधी मी नाय बांधली गो. मी सुतली बांधलेली."

मला काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. मला सासूबाईंचा हेवा वाटला. सासूचा हेवा सगळ्याच सुना कधी ना कधी करतात, पण असला हेवा देवाने वैऱ्यालाही देऊ नये. नऊ महिने मी वागवली, सहा वर्षं मी वाढवली, आणि पाय पुढे केला तो आजीसमोर! "माझ्याकडे का येत नाही ती?" मी विचारलं. त्या लसणाचा हात पदराला पुसत म्हणाल्या, "मना काय म्हायती, बाय?" आणि त्याही रडायला लागल्या. आम्ही दोघी कितीतरी वेळ त्या पायरीवर बसलो होतो.

निळ्या पट्ट्याच्या चपला त्यांनी मागच्या दाराशी ठेवल्या. पोरांना ताकीद दिली, कोणी घालायच्या नाहीत. दिवाळीच्या साफसफाईला मी त्या झटकायला उचलल्या, तर आत बोटांचे ठसे उमटलेले. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. दिनेशचं तसं आहे, तन्वीचंही तसंच होतं. आता तुम्ही म्हणाल, वाडीतली कोणी मुलगी घालून गेली असेल. मीही स्वतःला तेच सांगितलं. असेलही.

कपाटाचं म्हणाल, तर ते मी रिकामं केलं. एका सकाळी सगळे फ्रॉक, स्वेटर, शाळेचा युनिफॉर्म घड्या घालून बाहेर काढले आणि आदिवासी वाडीत देऊन आले. दिनेशला वाटलं, बँकॉकची हवा मानवली, रंजू सावरली. त्याने सुरेखाला फोन करून तिचे आभारही मानले. मी त्याला खरं कारण सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय. ते कपडे सहा वर्षांच्या मुलीचे होते, तिला आता ते कुठे होणार होते?

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. झोपेतच, कोणाला काही त्रास न देता. त्यांच्यानंतर घरात माप घेणारं कोणी उरलं नाही, आणि पुतणे कंपनी आता चपला फोनवरून मागवते.

तरी परवा मी दोघांना मागच्या दारी बोलावलं. "काकी, आता कुठे चाललीस?" म्हणून दोघं हसायला लागली. मी म्हटलं, कुठे नाही, उभे रहा. टाच उंबऱ्याला लावायला सांगितली, मान खाली घातली, आधी पुतणीची काडी मोडली, मग पुतण्याची. मुलं निघून गेली. मी तिसरी काडी हातात धरून तशीच वाकून बसले. पाठ भरून आली, आतून दिनेशने दोनदा हाक मारली, तरी मी वर बघितलं नाही.

कोणी आलं नाही.

उद्याही बसणार आहे. यात खरं काय, खोटं काय, ते मला आजही सांगता येत नाही, आणि तुमच्यापैकी कोणाला उलगडा माहीत असेल तर तोही मला नको आहे. बँकॉकला जाऊन आता दोन वर्षं झाली. या वयात मुलींचा पाय भराभर वाढतो, त्या चपला तिला कधीच्या घट्ट होत असतील. मला फक्त तिचं माप पाहिजे.