शेवटच्या अंकातली शिंक

झाडीपट्टीत नाटक लिहायचं म्हणजे अख्खी रात्र भरून काढायची. धान कापून झालं की गावोगावी नाटकं लागतात आणि माणसं लांबलांबून चादरी आणि लेकरं घेऊन येतात. नाटक मध्यरात्री संपवलं तर ती जाणार कुठे? वाटेत जंगल आणि जंगलात वाघ. म्हणून पडदा उजाडल्यावरच पडतो. इतक्या वर्षांत हे एक शास्त्र मला नीट आलं, आणि आता त्याचाच कंटाळा आलाय.

पूर्वी मी वडशाच्या एका नाटक कंपनीत नायिका होते. मग नायिकेची आई झाले, मग आईचंही वय उलटलं तेव्हा लिहायला बसले. दोन वर्षांमागे दिवाळीच्या आधी मालकानं माझ्यापुढे एक हिंदी बाड टाकलं. एका जुन्या फ्रेंच ऑपेराचं भाषांतर होतं, शहरातल्या कुणा प्राध्यापकानं दिलेलं. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच, तेही विनोदी, तेव्हा इकडचं करून टाका, असं मालकाचं म्हणणं. त्याला सगळंच 'करून टाका' वाटतं. लिहिणाऱ्याची पाठ दुखते हे त्याच्या गावीही नसतं.

गोष्ट साधी होती. एक म्हातारा अनाथ पोरीला सांभाळतो आणि ती मोठी झाल्यावर तिच्याशीच लग्न करायला निघतो. एक तरुण शिपाई वेष पालटून घरात शिरतो, म्हाताऱ्याला कोठारात कोंडतो आणि पोरीला घेऊन जातो. म्हातारा बाहेर येतो तेव्हा सगळा गाव त्याला हसतो, त्याच्याभोवती गाणं म्हणतो, खेळ खलास. मी म्हाताऱ्याला कुरखेड्याकडचा राइस मिलवाला केलं, शिपायाला फॉरेस्ट गार्ड. वेष तेंदूपत्त्याचे पुडे मोजून घेणाऱ्या मुन्शीचा. इथवर काही अडलं नाही.

म्हातारा कोण करणार हेही ठरलेलं होतं. आमचा कॉमेडियन वरोऱ्याचा, शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान घरातला. नाटकं नसली की आजही मशीनवर बसतो. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला बाई. तो नुसता विंगेतून डोकावला तरी मैदान हसायचं, आणि त्याची ती लांबत जाणारी, येते येते म्हणून न येणारी शिंक तर लोक मागून घ्यायचे. पण आदल्या हंगामात हसू कमी पडलं होतं. मालकानं त्याला तोंडावर सांगितलं की या वर्षी लोक हसले नाहीत तर पुढच्या पोस्टरवर दुसरा कॉमेडियन येईल. तो दुसरा तरुण होता, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ चालायचे.

भाऊ माझ्याकडे आला, चहा घेतला. "बाई, तुम्ही काईही लिवा," तो म्हणाला, "पन शेवटी लोकं हासले पाह्यजे. मी विंगेत गेलो का माह्या मागं मले हासूच पाह्यजे."

मी हो म्हटलं. फ्रेंच लोकांनी शेवट हसण्याचाच केलेला होता, मला काय करायचं होतं?

घोडं अडलं ते लांबीपाशी. तो ऑपेरा घटकाभरात आटोपणारा. आमची रात्र भरायची तर अख्खा एक अंक वाढवायला हवा होता. मी डोकं धरून बसले, तेव्हा वाट भाऊनंच काढली. म्हाताऱ्यानं पोरीला लहानाचं मोठं कसं केलं तेच दाखवू म्हणाला, त्यात कॉमेडी लई आहे. तालमीला त्यानं चिंध्यांचं लेकरू शिवून आणलं. त्याला पाठीशी झोळीत बांधून धान मोजायचा, मोजता मोजता आकडा विसरायचा आणि लेकरालाच विचारायचा. दुधात कोंडा पडला की स्वतः पिऊन बघायचा. लेकरू निजलेलं असताना त्याची शिंक यायची आणि ती दाबताना तो मिलभर लोळायचा. आम्ही हसून हसून बेजार झालो. ऑर्गनवाल्याचे हात पट्ट्यांवरून सुटले. मला तर हायसं वाटलं. भाऊ वाचला, आणि माझा अंकही भरला.

पहिला प्रयोग कुरखेड्याजवळच्या एका गावात लागला. कापणी झालेल्या धानाच्या बांधीत तनस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरून लोक बसले होते. लेकराच्या अंकाला जे हसू उसळलं ते मी माझ्या नायिकेच्या काळातही ऐकलं नव्हतं. मालक माझ्याकडे बघून मान हलवत होता. मी निर्धास्त झाले.

शेवटच्या अंकात पोरगी गार्डच्या मोटरसायकलवर बसली आणि मिलच्या कोंड्याच्या कोठाराचं दार उघडून भाऊ बाहेर आला, नखशिखांत कोंड्यानं माखलेला. इथं हसू यायलाच हवं होतं. नाही आलं. गाणारी मंडळी त्याच्याभोवती फेर धरून गायला लागली, तर समोरची एक म्हातारी बाई तनसावरून उठून उभी राहिली.

"पोरी," ती नायिकेला म्हणाली, "त्याले असा टाकून नको जाऊ वं. त्यानं तुले पाठीवर वागवलं."

मग बायकांचे पदर डोळ्यांना लागले. पुरुषही नाक ओढत होते. लग्नाचं वेडं खूळ त्याच्या डोक्यात होतं, हे कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. भाऊनं धोतरात पाय अडकवून पडून दाखवलं. मग हुकमी शिंक काढली, लांबवली, अगदी शेवटपर्यंत नेली. कुणी हसलं नाही. फेर धरणाऱ्यांचं गाणंही अर्ध्यात विरलं. उजाडत होतं, आणि तो कोंड्यात उभा होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मालक मात्र खूश. रडवणारं नाटक दणकून चालतं, त्याच सकाळी पुढच्या गावांची माणसं त्याच्याभोवती जमली. पोस्टरवर भाऊ राहिला, पहिल्यापेक्षा मोठा, डोळ्यांत पाणी आणलेला. तरुण कॉमेडियन नोकराच्या भूमिकेत आला.

त्या पहिल्या सकाळीच भाऊ तोंडाचा रंग धूत असताना मी त्याला म्हटलं, लेकराचा अंक काढून टाकू, मी दुसरं काही घालते, शेवटचं हसू परत येईल. त्यानं चिंध्यांचं लेकरू उचललं, त्याला चिकटलेला कोंडा झटकला.

"याले आता कुठी टाकू, बाई?"

खरं सांगायचं तर नवा अंक लिहायचं बळ माझ्यातही नव्हतं. नाटक तसंच चालू राहिलं. आजही चालू आहे.

गेल्या हिवाळ्यात एका प्रयोगासाठी आम्ही एस्टीनं आलापल्लीला निघालो होतो. पूर्वी भाऊ बसमध्ये चढला की आधी कंडक्टर हसायचा, मग गाडीभर खसखस पिकायची. त्या दिवशी बायकांनी त्याला ओळखलं आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या. एक लेकुरवाळी उठली, बसा बाबा म्हणाली. त्यानं नको नको केलं, पण तिनं ऐकलं नाही. शेवटी तो बसला आणि उभ्या असलेल्या तिचं लेकरू त्यानं मांडीवर घेतलं.

थोड्या वेळानं त्यानं हळूच शिंक काढायला सुरुवात केली. लेकरू टक लावून बघत राहिलं आणि शिंक फुटली तसं खळखळून हसलं. त्या बसमध्ये आमचं नाटक न पाहिलेलं बहुधा तेवढंच एक होतं. त्याची आई भाऊकडे बघून डोळे पुसत होती. भाऊनं तिच्याकडे पाहिलं नाही. आलापल्ली येईपर्यंत तो त्या लेकरासाठी शिंकत राहिला.