मधूने कधीच बोलावलं नाही

दंतवैद्य डॉ. मधुकर वैरागडे गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही. सकाळी वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोन आला. त्यांना मृताचं वय आणि ‘फ्रीमेसन’ या शब्दाला मराठी शब्द हवा होता. वय सांगितलं, एकाहत्तर. मराठी शब्द मला तीस वर्षांत सापडला नव्हता...

महाल भागातल्या एकाच शाळेत आम्ही शिकलो. पुढे तो दातांचा डॉक्टर झाला, मी बातमीदार. महिन्यातल्या एका संध्याकाळी तो दवाखाना लवकर बंद करायचा, मे महिन्यातसुद्धा काळा सूट चढवायचा आणि फ्रीमेसन मंडळींच्या लॉजला, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या इमारतीत, जायचा. जुने रिक्षावाले त्या इमारतीला भूतबंगला म्हणत. बंद दारं, फक्त पुरुष, एकमेकांना ओळखण्याच्या खुणा... संशय यायला एवढं पुरे होतं.

त्याच्या शिबिरांनी हा संशय वाढवला. रविवारी लॉजमधल्या तिघाचौघांना घेऊन तो भिवापूरकडच्या गावांत फुकट दात तपासायचा. एकदा मीही गेलो. रक्तदानालाही दहा फुटी फलक लावणाऱ्या शहरातली ही माणसं शाळेच्या व्हरांड्यात फलकाशिवाय बसली होती. मधू प्रत्येकाला हात धुऊन तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगे. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाणाऱ्यांचं तोंड आवळत जातं, तिसरं बोट अडतं. मिरचीच्या शेतावरून आलेल्या एका बाईची दोनच गेली.

‘बोटंच जाडी आहेत माही,’ ती म्हणाली.

‘मंग सुनेचे आण वं मावशी, तिचे पतले असतील.’

बाई हसली. हसतानाही तोंड पुरतं उघडलं नाही.

मी मात्र यातला फायदा शोधत होतो. निवडणूक, जमीन, एखादी शिक्षण संस्था. काहीच हाती लागलं नाही, आणि त्यामुळे संशय आणखी बळावला.

खरी बोच वेगळी होती. त्याने मला लॉजमध्ये कधीच बोलावलं नाही. त्याच्या दवाखान्याशेजारचा औषधविक्रेता सदस्य झाला, आमचा एक वर्गमित्र झाला. मी त्याला लायक वाटत नसणार, असं धरून चाललो. आत काय करता, शपथ कसली घेता, हे मात्र विचारत राहिलो. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, ‘अजून काही विचाराचं आहे का गा तुले?’ मी आणखी एक प्रश्न टाकायचो. पुढे भेटीच कमी केल्या. आजारपणात दोनदाच गेलो. शेवटच्या खेपेलाही त्याने तेच विचारलं. आता काय विचारू, असं म्हणून मी उठलो.

शोकसभेत लॉजचे एक सदस्य भेटले, रेल्वेतून निवृत्त झालेले. मला का बोलावलं नाही, हे मी त्यांना सरळ विचारलं.

‘आम्ही कोणालाच बोलावत नाही,’ ते म्हणाले. ‘नियमच आहे. यायचं असेल त्याने स्वतः विचारायचं. डॉक्टर तुमची वाट पाहत होते.’

एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी छापत नाहीत. समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही लोक असं बोलतात. म्हणून गेल्या आठवड्यात मधूच्या बायकोकडे, सुलभावहिनींकडे गेलो. त्यांनाही हा नियम माहीत नव्हता. नवऱ्याने लॉजबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी कपाट उघडून त्याच्या वस्तू दाखवल्या. लॉजमध्ये घालायचे पांढरे हातमोजे होते, दोन जोड. एक लहान मापाचा, वापरून पिवळा पडलेला. दुसरा कोरा, वेष्टनातला, मोठा.

‘हा यांचा नाही, भाऊजी. यांना ढगळ होते. मी टाकाले काढला तर रागावले होते.’

चुकीचं माप आलं असेल, असंही म्हणता येईल. मी वेष्टन फोडलं आणि एक हातमोजा चढवला. बरोबर बसला.

खात्रीसाठी दुसराही घातला.