डावीकडे आभाळ, उजवीकडे जमीन

आमच्या व्याह्यांना अख्खी गल्ली 'ओळंबा' म्हणते. दोरीला वजन टांगून चौकट उभी सरळ आहे का ते पाहतात ना, तो ओळंबा. धंदा सुतारकीचा, आणि सरळपणाचं वेड इतकं की दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर नीट केल्याशिवाय खाली बसणार नाहीत. आपल्या मुलीसाठी आमचा मुलगा पाहायला आले, तेव्हा मुलाकडे पाहायच्या आधी त्यांनी आमच्या दाराच्या बिजागऱ्या पाहिल्या. मुलगा पसंत पडला, बिजागऱ्या नाहीत. त्या पुढच्या खेपेला येऊन बदलून गेले.

त्यांचा एक किस्सा सांगतो, म्हणजे माणूस कळेल. एका शिंप्याने दुकानाला दार बसवून घेतलं. भिंत जुनी, एका अंगाला झुकलेली. ओळंबेबुवांनी दार अगदी लंबात उभं केलं. झालं! येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायला लागलं, "दार वाकडं बसलंय की हो!" शिंपी भांडायला आला, तर हे म्हणाले, "दार सरळ आहे. तुमची भिंत पाडा." भिंत कोण पाडतो? त्या दाराशेजारी अजून वरून रुंद होत गेलेली फट आहे. थंडीचा वारा आत आला की शिंपी यांच्या नावाने बोटं मोडतो.

तर यांची एकुलती एक लेक म्हणजे आमची सून. मुलगा आणि ती लांब परमुलखात राहतात. बाप-लेकीचा जीव एकमेकांवर फार, पण फोनवर गाडी पुढे सरकायची नाही. "जेवलात का बाबा?" "जेवलो. तू?" "जेवले." मग दोघंही फोन कानाला लावून गप्प. मागून विहीणबाई म्हणायच्या, "बोला की काहीतरी!" हे म्हणायचे, "बोलतोय ना!"

मागच्या वेळी सून आली तेव्हा तिने बापाला एक कॉम्प्युटर आणि विमान चालवायचा खेळ बसवून दिला. खेळ म्हणू नये म्हणा, खऱ्या विमानाची सगळी कळ त्यात आहे. दर रविवारी सकाळी ती तिच्या घरून उडते, हे त्यांच्या घरून, आणि पडद्यावरच्या आभाळात दोघांची विमानं शेजारी शेजारी चालतात. कानाला हेडफोन. आणि काय चमत्कार सांगू! जमिनीवर चार शब्द न बोलणारी ही माणसं आभाळात गेली की थांबतच नाहीत. तिने लहानपणी रंधा पळवून पेन्सिलीला टोक काढलं होतं, त्यापासून आमचे चिरंजीव ओला टॉवेल कुठे टाकतात इथपर्यंत सगळं निघतं. मी शेजारी बसून ऐकतो आणि मुलाचा बाप म्हणून खाली मान घालतो.

अडचण एकच. विमानात बसून बाजूला पाहायचं तर विमान चालवायच्या काठीवरचं बारीक बटण अंगठ्याने फिरवावं लागतं, आणि व्याह्यांचा तो अंगठा तरुणपणी करवतीने अर्धा नेलेला. मग अर्धी सकाळ चुकामुकीत जायची. "बाबा, मी इकडे आहे, डावीकडे!" "कुठलं डावीकडे?" म्हणून सुनेने एक छोटा कॅमेरा पाठवला. पडद्याच्या डोक्यावर बसवायचा. तो तुमचं तोंड पाहत राहतो. तुम्ही मान जराशी वळवली की आतला वैमानिक पुरती मान वळवतो आणि खिडकीबाहेरचं दिसतं. बटणाची कटकटच नको.

पहिल्या रविवारी व्याह्यांनी कॅमेरा लावला, उडाले, आणि लेक दिसावी म्हणून डावीकडे पाहिलं. तर काय दिसावं? आभाळ! नुसतं निळं आभाळ. उजवीकडे पाहिलं तर सगळी जमीन. लेकीला शोधता शोधता त्यांनी आपलं विमान तिच्या पंखावर नेऊन घातलं. दोघंही शेतात. ती हसली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, वर यांना गरगरून ओकारी यायला लागली. तेव्हा मात्र ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, राहू द्या आता. तुम्हाला त्रास होतो. आपण आपले फोनवरच बोलत जाऊ."

व्याह्यांनी मला बोलावणं धाडलं ते त्यानंतरच्या शनिवारी. दारातच म्हणाले, "एक रविवार मागून घेतलाय तिच्याकडून. उद्या जमलं नाही, तर परत 'जेवलात का' वर आलो बघा."

"अहो, मला यातलं काय कळतंय? आम्ही गावच्या शाळेत पाटी फोडली तेवढीच."

"मला तरी काय कळतंय? दोघं मिळून गोंधळ घालू."

आणि घातला. आधी वाटलं, उजेडाचा दोष. त्यांच्या पाठीमागे खिडकी होती, म्हणून पडदा ओढून समोर दिवा लावला. तोंड लख्ख दिसायला लागलं, आभाळ जागच्या जागी. मग कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम उघडला. त्यात माणसाच्या मानेचे तीन हिशोब वेगवेगळे मांडलेले: डावी-उजवी वळते तो एक, वर-खाली होते तो दुसरा, खांद्याकडे कलते तो तिसरा. प्रत्येकापुढे 'उलट' म्हणून चौकोन. मी म्हटलं, "वर-खालीचं उलट करून बघा." केलं. आता डावीकडे जमीन आणि उजवीकडे आभाळ!

"हे बरं झालं," मी म्हटलं, "काहीतरी बदललं."

"व्याहीबुवा, घर जळतंय आणि तुम्ही म्हणताय ऊब आली!"

चौकोन परत पहिल्यासारखा केला. मग म्हटलं, जरा मला बसू द्या. मी खुर्चीत बसलो, डावीकडे पाहिलं. पंख! सुरेख आडवा पंख आणि पलीकडे डोंगर. उजवीकडे पाहिलं, दुसरा पंख. मी लहान मुलासारखा मान हलवत बसलो. व्याह्यांनी मला जवळजवळ ढकलून उठवलं आणि स्वतः बसले. डावीकडे आभाळ.

"याला माझं तोंडच आवडत नाही," ते म्हणाले.

"त्याने विहीणबाईंना विचारून घेतलं असेल!"

हसले नाहीत. उठले आणि पाणसळ काढली, ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. टेबलावर ठेवली. बुडबुडा मधोमध. पडदा मधोमध. खुर्चीचं बूड मधोमध. कॅमेऱ्यावर पट्टी मावेना, तर त्याच्यावर आधी लाकडाची चीप ठेवून तिच्यावर ठेवली. मधोमध! इतका सरळ कॅमेरा जगात दुसरा नसेल. माझं डोकं चालेनासं झालं. सगळं सरळ असताना वाकडं येतंय कुठून?

तेवढ्यात विहीणबाई चहा घेऊन आल्या. पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याला दिसणारं चित्र लहानसं उमटत होतं: व्याह्यांचं तोंड आणि मागे त्यांनीच केलेलं कपाट. बाई चहा ठेवायच्या विसरल्या.

"अहो, तुमची मान बघा."

"मानेला काय झालं? सरळ आहे."

"कपाट सरळ आहे. मान नाही."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

बाईंनी चहा माझ्या हातात दिला, खिळ्याला टांगलेला ओळंबा काढला आणि नवऱ्याच्या कपाळाच्या मध्यावर दोरी धरून सोडला. दोरी नाकाच्या शेंड्याला चुकवून बाजूने खाली आली, आणि हनुवटी कुठे नि दोरी कुठे! जन्मभर यांनी डावा डोळा मिटून, डोकं उजव्या खांद्याकडे कलवून फळ्यांच्या कडा पाहिल्या. मान तशीच बसली, आणि आम्हा कोणालाच ती वाकडी म्हणून दिसली नव्हती. मीसुद्धा इतकी वर्षं समजत होतो की माणूस आपलं बोलणं लक्ष देऊन ऐकतो!

आता मला जे उमजलं ते असं. बिजागरी कललेली असेल तर दार नुसतं बाजूला जात नाही, जाता जाता वर उचललं जातं. व्याह्यांची मानही तशीच कललेल्या बिजागरीवर फिरत होती. डावीकडे वळताना वर, उजवीकडे वळताना खाली. कॅमेरा बिचारा दिसेल ते खरं सांगत होता. बरोबर आहे ना? मला अजून पक्कं नाही.

"मग मान सरळ धरतो," व्याही म्हणाले. धरली. लगेच म्हणाले, "सगळं घर कललं." थोडं उडाले, चांगलं उडाले, पण बोलायला लागले की मान हळूच आपल्या जागी. पुन्हा आभाळ.

"कॅमेरा कलवा," विहीणबाई म्हणाल्या. "मानेइतका. खाली पाचर घाला."

"मी? वाकडं बसवू?" इतका दुखावलेला आवाज मी त्यांचा लेकीच्या पाठवणीतही ऐकला नव्हता. "हयातीत कधी बसवलं नाही."

"शिंप्याला काय सांगितलंत? भिंत पाडा. आता पाडा भिंत!" बाईंनी त्यांच्या मानेवर टिचकी मारली. "ही तुमची भिंत. हिला पाडता येत नाही. दार भिंतीला लावायचं की लेकीला वाऱ्यावर सोडायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

चहा गार झाला. मी घरी निघालो तेव्हा व्याही पाणसळ मांडीवर घेऊन बुडबुड्याकडे पाहत बसले होते.

रविवारी सकाळी गेलो तर खोलीत सागाच्या भुशाचा वास. कॅमेऱ्याखाली पाचर, आणि पाचर कसली, दागिना! घासून, पॉलिश करून, कडा मारून. वाकडं करायचं तर तेही नीटच.

हेडफोन घातला. लेक आधीच वर होती. आवाज जरा दबलेला. "बाबा, गरगरलं तर लगेच सांगा हं."

विमान चढलं. व्याह्यांनी मान डावीकडे वळवली. डावा पंख आला, त्यामागून डोंगर आले, आणि डोंगरांवर तिचं छोटं पांढरं विमान, अगदी आडवं.

"दिसलीस," व्याही म्हणाले. मग म्हणाले, "तुझ्या विमानाच्या शेपटीवर लाल पट्टा आहे होय? मला माहीतच नव्हतं."

"पहिल्यापासून आहे, बाबा."

मग काय, जो धबधबा सुरू झाला तो टॉवेलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मी खाली मान घातली.

उतरल्यावर मी म्हटलं, जरा मलाही बसू द्या. बसलो. डावीकडे पाहिलं, तर शेतंच शेतं! उजवीकडे आभाळ.

"अहो, हे बिघडलं की!"

व्याही माझ्याकडे एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिले. "बिघडलं नाही," म्हणाले. "तुमची मान वाकडी आहे, व्याहीबुवा."