भलत्याच बाईचे आभार

"म्हणजे मला कळायला लागल्यापासून या घरात भलत्याच बाईचे आभार मानले जातायत!" लेक स्टुलावर चढून भिंतीवरचा फोटो काढायला बघत होती. "हा मी काढून टाकतेय."

"आधी खाली उतर," आई म्हणाली.

"का म्हणून? दुसऱ्याचं श्रेय लाटणारीचा फोटो कशाला हवा घरात?"

"त्या फोटोत तूही आहेस," बाबा खुर्चीतून न उठता म्हणाले. "काढायचाच तर अर्धा काढ."

फोटो होता बिस्किटांच्या कारखान्यातल्या पाळणाघराच्या उद्घाटनाचा. मधोमध देशाच्या तेव्हाच्या कामगारमंत्री, आणि त्यांच्या कडेवर, त्यांचा चष्मा तोंडात घालून मजेत चोखणारी ही लेक.

लेकीच्या आईला कारखान्यात सगळे चिकटपट्टी म्हणत. खोक्यांना पट्टी लावायचं काम तिचं म्हणून, आणि एकदा धरलेलं सोडायचं नाही हा स्वभाव म्हणूनही. नोकरी संपली तरी नाव चिकटून राहिलं ते राहिलंच. लेक झाली तेव्हा बाळाला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. सासूबाई जेवणाच्या सुट्टीत बाळ घेऊन कारखान्याच्या मागच्या कुंपणाशी यायच्या. बायकांना बाहेर जायची परवानगी नव्हती. मग चिकटपट्टी गजांना टेकून उभ्याउभ्याच पाजायची. उन्हातान्हात बाळाला आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आणि तिने नोकरी सोडायची मनाची तयारी केली. तेवढ्यात कायदा आला: जिथे बायका कामाला, तिथे पाळणाघर. लेक पॅकिंगच्या हॉलशेजारच्या खोलीत रांगली, बोलायला लागली, आणि बिस्किटांच्या वासाला कायमची विटली. आईची नोकरी टिकली, म्हणून लेकीचं शिक्षण झालं. आता ती लोकांना गाडी शिकवायची आणि घरातल्यांवरही त्याच आवाजात ओरडायची.

टीव्हीवर बातम्या लागल्या की बापलेक पुढाऱ्यांचा उद्धार सुरू करत. "सगळे एका माळेचे मणी!" बाबा म्हणत. चिकटपट्टी भिंतीकडे बोट दाखवायची. "सगळे नसतात. त्या बाईंनी हिला पाळणा दिला." एवढंच तिचं राजकारण. त्यावर तिने इतकी वर्षं मत दिलं होतं, शेजारणींशी भांडण केलं होतं आणि एका नणंदेशी अबोलाही धरला होता.

त्या मंत्रीणबाई आता पलीकडच्या गल्लीत भाचीकडे राहत होत्या. न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. चिकटपट्टीने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं केलेलं, हे भाचीला ठाऊक होतं. "एक दिवस येऊन बघा," ती म्हणाली. "पण संध्याकाळी हो की नाही ते सांगा. मला नोकरी आहे. तुम्ही नाही म्हणालात तर उद्या मावशीला वृद्धाश्रमात पोचवावं लागेल."

तो दिवस आजचा होता. चिकटपट्टी घरातून निघाली ती देवळात निघाल्यासारखी. मंत्रीणबाईंना उशीला टेकवून बसवलं, मानेखाली टॉवेल दिला आणि केसांना साबण लावता लावता वर्षानुवर्षं साठवलेलं ती एका दमात बोलून गेली. कुंपण, बाळ, पाळणाघर, फोटो. "तुमचे उपकार आहेत, बाई."

मंत्रीणबाईंनी डोळे मिटलेले होते. "तो कायदा माझा नव्हे गं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझ्या तर तो डोक्याला ताप होता. कारखानदार ओरडतील म्हणून मी तो दोन अधिवेशनं अडवून धरला. विरोधी बाकांवर एक उंच सदस्य होते. अडखळत बोलायचे. उभे राहिले की आम्ही हसायचो, 'पाळणेवाले उठले' म्हणून. दरवेळी तोच प्रश्न. एकदा म्हणाले, बोलायला मला जमत नाही, तुम्ही बघायलाच चला. घेऊन गेले एका कारखान्याच्या मागच्या बाजूला. गजांतून पोरं पाजत होत्या बायका. पाणी डोळ्यांत जातंय, जरा पूस."

चिकटपट्टीने पुसलं.

"मग मी कायदा मांडला. माझ्याच पक्षातले लोक मला वळसा घालून जायला लागले. फीत त्यांनीच कापायची होती, पण उद्घाटनाच्या आधी पाळणेवाले निवडणूक हरले, म्हणून कात्री माझ्या हातात आली. तुझ्या पोरीने माझा चष्मा मोडला होता का?"

"वाकवला होता."

"तीच," मंत्रीणबाई समाधानाने म्हणाल्या.

हे सगळं चिकटपट्टीने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि तिथून भांडण पेटलं.

"आधी अडवला, मग मिरवला," लेक फोटो छातीशी धरून स्टुलावरून उतरली. "आणि आता तू जाऊन त्यांची पाठ चोळणार?"

"शिवाय दुपारी इथे जेवायचं काय, हाही प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

"तुमचा एवढाच प्रश्न आहे," चिकटपट्टी म्हणाली.

ती भाजी निवडायला बसली. येताना वाटेत तिलाही फसल्यासारखं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. देव बदलल्यासारखं. पण शेंगा मोडता मोडता तिच्या मनात वेगळंच येत होतं. एका माणसाने हसू झेलत तोच प्रश्न विचारला. एका बाईने हसणं थांबवलं, जाऊन पाहिलं आणि मत फिरवलं. दोघांतलं एक नसतं तर ती तेव्हाच घरी बसली असती. म्हणजे उपकार कमी झालेच नव्हते, उलट एकाचे दोघांचे झाले होते. आणि आज साबण डोळ्यांत जात असताना बाईंनी "हो गं, सुखी राहा" एवढंच म्हटलं असतं तर कोण विचारायला येणार होतं?

"मला सांग," ती लेकीला म्हणाली, "तुझे बाबा इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणाले का, की माझं चुकलं?"

"चुकलो तर म्हणेन ना!" बाबा म्हणाले.

लेकीला हसू आवरलं नाही. पण हार मानायची नाही, हा आईचाच गुण. "आणि ते पाळणेवाले? त्यांचा फोटो कुणाच्या घरात आहे?"

चिकटपट्टीचा हात थांबला. "हयात आहेत. बाजारामागे राहतात. बाईंना विचारून घेतलंय मी."

"मग?"

ती उठली, हात धुतले, भाचीला फोन लावला. "उद्या सकाळी येते. हो, रोज." फोन ठेवून ती दोघांकडे वळली.

"फोटो होता तिथे लाव. उद्यापासून दिवसभर मी मंत्रीणबाईंकडे. दुपारचं जेवण तुमचं तुम्ही करायचं, डाळ कुकरला कशी लावतात ते आत्ता येऊन बघा. आणि रविवारी आपण तिघांनी पाळणेवाल्यांकडे जायचंय. गाडी तू चालवशील."