हुतात्म्याचं पितर

एका हुतात्म्याच्या मृत्यूचा तपास माझ्या हातून झाला, ही गोष्ट मी जन्मात विसरणार नाही. गुन्हा मात्र दाखल नव्हता. मयताला जाऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या आणि संशयित माझंच खातं होतं. निजामाच्या पोलिसांनी त्यांना गोळी घातली, असं गाव सांगत होतं.

मी तेव्हा नांदूरघाटच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऐन पितृपक्षात खबर आली. एका गावचे सरपंच आपल्या हुतात्मा आजोबांच्या नावे कमान उभारतायत. दसऱ्याला मंत्री येणार, आणि त्याच दिवशी एका मेंढपाळाच्या घरावर जमाव जाणार. आजोबांचा ठावठिकाणा या मेंढपाळाच्या आजानं पोलिसांना दिला, हे सरपंचांनी भाषणात ठरवून टाकलं होतं. गावानं त्याच्या मेंढरांचं पाणी तोडलं होतं.

मेंढपाळाला ठाण्यात बोलावलं. तो म्हणाला, "सायेब, गाव सोडतो मी. पर आदी खरं काय ते काढा. पोरांला फितुराची औलाद म्हंत्यात."

जबाब घेतले. एकानं गोळी छातीत सांगितली, दुसऱ्यानं पाठीत. पोलिसांचा घोडा सगळ्यांनी पाहिला होता; रंगावर एकमत नव्हतं. मग सरपंचांच्या म्हाताऱ्या चुलतीकडे, म्हणजे हुतात्म्याच्या सुनेकडे गेलो. वृद्ध बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला शिपाई घेऊन घरीच. म्हातारी डाळ निवडत होती. सासऱ्यांचं पितर कधी घालता, मी सहज विचारलं.

"अष्टमीला. परवाच झालं की."

आमच्याकडे हत्यारानं गेलेल्याचं पितर चतुर्दशीलाच घालतात, मरणतिथी कोणतीही असो. मी तसं म्हणालो.

"चतुर्दशीला कावून? मामंजीला कुनी मारलंय? ओल्या शेंगा लई खाल्ल्या, हगवण लागली. मीच उशाशी बसलते."

मागोमाग आलेले सरपंच दारातून म्हणाले, "काकू, तुमी गप बसा."

"तू भाषनात काय बी सांग. मानूस जेवायला येतंय. त्येला चुकीच्या दिवशी बोलवू व्हय?"

तिचा जबाब मी चावडीवर मोठ्यानं वाचला. हसू दाबणं गावाला जमलं नाही. संध्याकाळी मेंढरं हौदावर पाणी पीत होती.

माणसं पूर्वजांबद्दल जगाशी खोटं बोलतात, पूर्वजांशी खोटं बोलत नाहीत. घराण्याचा इतिहास हवा असेल तर व्यासपीठ सोडून चुलीपाशी बसावं, हे मी त्या प्रकरणात शिकलो.

मंत्री ठरल्याप्रमाणे आले. कमानीवर 'हुतात्मा' पुसून 'थोर समाजसेवक' रंगवलं होतं. त्याबद्दल कुणाची तक्रार नसल्यानं तपास झाला नाही.